मीटरला सील, पडद्याला मालक

मुंबई-गोवा महामार्ग आणि रत्नागिरीहून कोल्हापूरमार्गे नागपूरकडे जाणारा महामार्ग जेथे एकमेकांना भेटतात, तो हातखंब्याचा तिठा. एस.टी.तून उतरलेला उतारू पिशव्या सावरीत रस्त्याच्या कडेला येतो, तोवर रांगेतल्या पहिल्या रिक्षाचा चालक पुढे झालेला असतो. मागचे दोघे-तिघे जागचे हलत नाहीत. नंबर त्यांचा नाही, हे त्यांना ठाऊक असते. कोणती रिक्षा मोकळी, कोणती ठरलेली, शेअरमध्ये किती माणसे झाली म्हणजे गाडी सुटायची, हा सारा व्यवहार हाताच्या एका इशाऱ्यावर आणि मानेच्या एका झटक्यावर चालतो. तिठ्यावरचे फलकही असेच सर्वांचे आहेत. वळणाची वाकडी रेघ आणि उताराचा त्रिकोण केरळचा ट्रकचालक वाचतो, तसाच गुजरातचाही वाचतो. रस्त्यावरील खुणा देशोदेशी शक्य तितक्या सारख्या असाव्यात म्हणून १९६८ मध्ये व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. बाणाच्या चित्राचे मालक कोण, असा प्रश्न कोणी तिठ्यावर विचारला, तर लोक त्याच्या प्रकृतीची चौकशी करतील.

परंतु वाहन मागवण्याच्या धंद्यात हाच प्रश्न गंभीरपणे विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तर कंपन्यांनी सरकारी शिक्क्यानिशी मिळवले आहे. उबरसारख्या कंपन्यांच्या नावावर अमेरिकेत मोबाइलच्या पडद्यावरील हलत्या चित्रांची डिझाइन पेटंटे आहेत. शीर्षक कोरडे असते: हलत्या चित्रमांडणीसह दर्शक-पडदा, अशा धर्तीचे. आत मजकूर जवळजवळ नसतो, आकृत्याच असतात. पहिल्या आकृतीत पडदा एका अवस्थेत, दुसरीत किंचित बदललेला, तिसरीत आणखी थोडा. मोबाइलची कड तुटक रेघांनी काढलेली असते, कारण तिच्यावर हक्क सांगायचा नसतो. पडद्यावरची एखादी पट्टी, एखादे वर्तुळ, एखादा सरकता ठिपका मात्र सलग रेघेने काढलेला असतो. सलग रेघेच्या आत जे आहे ते कंपनीचे. क्रमाने दिसणाऱ्या त्या चित्रांसारखी चित्रे दुसऱ्या कोणी आपल्या पडद्यावर आणली आणि सामान्य पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटली, तर तो हक्कभंग. १३ मे २०१५ पासून केलेल्या अर्जांना हा हक्क मंजुरीनंतर १५ वर्षे मिळतो. त्याआधीच्या अर्जांना तो १४ वर्षे होता.

सरकारी मराठीत पेटंटला 'एकस्व' असा शब्द आहे. भाषा कधी कधी कायद्यापेक्षा प्रामाणिक असते. जे एकाचे स्व झाले, ते इतरांचे उरत नाही, हे त्या शब्दातच आले आहे.

नक्षीवरील या हक्काचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १७८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने सुती व तागाच्या कापडावर नक्षी छापणाऱ्यांना प्रथमच असा हक्क दिला, तेव्हा त्याची मुदत होती दोन महिने. १७९४ मध्ये ती तीन महिन्यांची झाली. कापडाच्या छापील फुलाला तेवढा काळ पुरेसा आहे, असे खुद्द गिरणीयुगाच्या आरंभीच्या भांडवलदारांच्या पार्लमेंटला वाटले होते. आज पडद्यावर अर्धा क्षण चमकून जाणाऱ्या चित्राला १५ वर्षे लागतात! अमेरिकेत १८८५ मध्ये गालिच्यांच्या नक्षीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. नक्षीमुळेच नफा झाला हे सिद्ध न झाल्याने मालकाच्या हाती नाममात्र सहा सेंट पडले. त्यावर कारखानदारांनी हाकाटी केली आणि १८८७ मध्ये असा कायदा करून घेतला की, नक्षी चोरणाऱ्याने वस्तूवरचा संपूर्ण नफा द्यावा. गालिच्यासाठी केलेली ही तरतूद पुढे मोबाइलच्या पडद्याला लागू झाली. ॲपलने सॅमसंगविरुद्ध २०११ मध्ये लावलेल्या दाव्यात पडद्यावरील चित्रखुणांच्या चौकटीचे डिझाइनही होते. २०१६ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण नफ्याचा हिशेब वस्तूच्या एखाद्या भागापुरताही करता येतो, असे सांगितले खरे. तरी २०१८ मध्ये ज्यूरीने त्या दाव्यातील डिझाइन पेटंटांपोटी ५३ कोटी ३० लाख डॉलरच्या वर रक्कम ठरवली. ज्या धंद्यात एका चौकटीची ही किंमत आहे, तेथे पडद्यावरची प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवण्यासाठी वकिलांची रांग लागली, यात नवल नाही.

हे सारे अमेरिकेत घडते, त्याचे हातखंब्याला काय, असे विचारणारे कार्यकर्ते आहेत. त्यांनी भारतातील घडामोडींकडे एकदा पाहावे. भारताच्या डिझाइन कायद्याने, २००० साली, इंग्रजांच्या १९११ च्या कायद्याची जागा घेतली. त्यातील व्याख्येप्रमाणे डिझाइन म्हणजे औद्योगिक प्रक्रियेने एखाद्या वस्तूला दिलेला आकार, नक्षी वा रेषा-रंगांची रचना. तिची पारख केवळ डोळ्यांनी व्हायला हवी आणि ती वस्तू स्वतंत्रपणे बनवून विकता येण्याजोगी हवी. २००८ मध्ये नियमांत बदल करून पडद्यावरील प्रतिमांना वर्गीकरणात जागा दिली गेली आणि काही परदेशी कंपन्यांनी नोंदण्याही पदरात पाडून घेतल्या. २०१४ मध्ये ॲमेझॉनचा अर्ज मात्र डिझाइन कार्यालयाने फेटाळला. यंत्र चालू असेपर्यंतच दिसणारे आणि वेगळे विकता न येणारे चित्र ही वस्तू नव्हे, हे त्यामागचे साधे कारण होते. हे कारण गावच्या सुतारालाही पटले असते. २०२१ मध्ये नियम पुन्हा बदलून आंतरराष्ट्रीय लोकार्नो वर्गीकरण स्वीकारण्यात आले. २० मार्च २०२३ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने यू.एस.टी. ग्लोबल कंपनीच्या अपिलात पडद्याच्या मांडणीला नोंदणी नाकारणारा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रियाध येथे डिझाइन नोंदणीच्या पद्धती एकसारख्या करणारा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. 'आभासी' डिझाइनांना कायद्यात मोकळी जागा द्यावी, हा विचार दिल्लीच्या सरकारी कार्यालयांतूनही मांडला जाऊ लागला आहे. दरवाजा अजून सताड उघडलेला नाही, पण कडी काढली गेली आहे.

नव्वदीच्या आरंभी डंकेल प्रस्तावाविरुद्ध महाराष्ट्रात सभा झाल्या, तेव्हा बियाणे आणि औषधे यांवर भर होता आणि तो योग्यच होता. १९५९ च्या अय्यंगार अहवालातून निघालेल्या १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या उत्पादनावरील मक्तेदारी मोडली होती आणि ती कमाई डोळ्यांदेखत जाणार होती. डिझाइनची दोन कलमे त्या गदारोळात मागे राहिली. गंमत अशी की, त्याच व्यापार करारातील २५ व्या कलमात एक फट आजही शाबूत आहे: ज्या डिझाइनचे रूप मुख्यत्वे तांत्रिक वा कार्यविषयक गरजेने ठरते, त्याला संरक्षण न देण्याची मुभा प्रत्येक देशाला आहे. ही मुभा वापरायची की नाही, हे दिल्लीत ठरणार आहे; जिनिव्हात नव्हे.

आता मुद्द्याचा गाभा. टॅक्सीच्या जुन्या मीटरला झेंडी असे. ती उभी असली म्हणजे गाडी मोकळी, पाडली म्हणजे भाडे सुरू. मीटर बनवणारे कारखाने निराळे होते; झेंडीचा अर्थ मात्र एकच होता आणि तो सर्वांचा होता. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तरी मीटरवर सरकारी सील राहिले. वैधमापन खात्याने तो तपासायचा, परिवहन खात्याने पाहायचा, छेडछाड झाली तर चालकाला दंड करायचा. भाड्याचा दर हकीम समितीने कसा मोजला, खटुआ समितीने त्यात काय बदलले, यावर वर्तमानपत्रांत वाद झडले. रिक्षावाल्याचा नफा-तोटा, टायरचा खर्च, गॅसचा भाव, सगळे जाहीर. ॲप आले आणि मीटरचे काम पडद्याने केले. गाडी कोठे आहे, किती मिनिटांत येईल, भाडे किती, भाडे अचानक का वाढले, हे सांगणारा आता पडदाच आहे. मीटरला सील होते. पडद्याला मात्र मालक आहे. ज्या साधनाची तपासणी व्हायला हवी, त्याची मालकीहक्कात नोंद होते आहे, हा या प्रकरणातील खरा अनर्थ आहे.

पडद्यावर सरकणारी ती चिमुकली मोटार म्हणजे नक्षी आहे की माप आहे? कंपन्यांनी एकदाच काय ते उत्तर द्यावे. ती माप असेल, म्हणजे गाडी खरोखर कोठे आहे हे सांगत असेल, तर तिचे रूप कामाच्या गरजेने ठरलेले आहे आणि डोळ्यांनी पारखायच्या नक्षीच्या कायद्यात तिला जागा नाही. ती निव्वळ नक्षी असेल, तर ती गाडीचे ठिकाण सांगते असे उतारूला भासवणे ही फसवणूक आहे.

आणि अशी फसवणूक झाल्याचे जगाने पाहिले आहे. ३ मार्च २०१७ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने उबरच्या 'ग्रेबॉल' या यंत्रणेची हकिगत छापली. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात २०१४ च्या अखेरीस परवान्याविना चाललेल्या या सेवेची तपासणी करण्यासाठी नगरपालिकेचा अधिकारी गाडी मागवू लागला. त्याच्या मोबाइलवर मोटारी फिरताना दिसत होत्या, पण त्या अस्तित्वात नव्हत्या. सरकारी माणूस हेरून त्याला बनावट पडदा दाखवला जात होता. चालकांना त्रास देणाऱ्यांपासून वाचवण्यासाठी ही यंत्रणा आहे, असा खुलासा कंपनीने आधी केला. पाचच दिवसांनी स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध तिचा वापर बंद करण्याचे तिला जाहीर करावे लागले. मीटरशी छेडछाड करणाऱ्या रिक्षावाल्याचा परवाना तात्काळ निलंबित होतो. संपूर्ण शहराच्या नकाशावर भुताच्या मोटारी फिरवणाऱ्यांनी फक्त पत्रक काढले.

चालकाच्या पडद्याची कथा याहून करुण आहे. त्याच वर्षी २ एप्रिलला त्याच वर्तमानपत्राने दाखवून दिले की, थकलेला चालक काम थांबवू लागला की पडद्यावर मोटारीच्या काट्यासारखा काटा उगवे, डॉलरच्या खुणेच्या जरा अलीकडे थांबलेला. ३३० डॉलर पुरे व्हायला १० डॉलरच कमी आहेत, खरोखर थांबायचे आहे का, असे विचारले जाई. आणि गाडी चालवत राहण्याचे बटण उठून दिसेल असे रंगवलेले असे. गिरणीत मुकादम असे; त्याला कामगार ओळखत, त्याच्याशी भांडत, प्रसंगी युनियनचा मोर्चा त्याच्या दारावर नेत. काट्याच्या चित्राशी कोणी भांडायचे? उद्या तोच काटा कोणाच्या तरी एकस्वाचा विषय झाला, तर मुकादमाचा चाबूकही मालकी हक्काने संरक्षित होईल.

भारतातही पडदा निष्पाप राहिलेला नाही. ग्राहकाला चकवणाऱ्या मांडण्यांविरुद्ध केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. गाडी मिळण्यापूर्वीच टीप मागण्याच्या पद्धतीवरून मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस दिली. म्हणजे एका खात्याला जी पडद्याची मांडणी संशयास्पद वाटते, तशाच मांडणीला दुसरे खाते संरक्षण देण्याच्या वाटेवर आहे.

या कंपन्यांना दोन तोंडे आहेत. कामगार न्यायालयात त्या म्हणतात, आम्ही वाहतूकदार नाही, चालक आमचा नोकर नाही, आम्ही केवळ फळा टांगला आहे; उतारूने आणि चालकाने त्यावर एकमेकांना शोधावे. पेटंट कार्यालयात त्याच म्हणतात, फळ्यावरची प्रत्येक रेघ आमच्या प्रतिभेची निर्मिती आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी पहिले सोंग उघडे पाडले आणि उबरच्या चालकांना 'वर्कर' म्हणून हक्क दिले. भाडे, अटी, कामाचे वाटप हे सारे ॲपच्या द्वारे कंपनीच ठरवते, हे त्या निकालाचे एक प्रमुख कारण होते. जो पडदा चालकाला बांधतो तो कंपनीचा, आणि चालक मात्र स्वतंत्र उद्योजक, हे तर्कशास्त्र जुलै २०२५ मध्ये मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीएवढ्या भाड्यासाठी संप करणाऱ्या चालकांना कोणी समजावून सांगावे.

कंपन्यांच्या बाजूने दोन गोष्टी मांडल्या जातात आणि त्यांना उत्तर द्यायला हवे. चित्रे काढणाऱ्या कलाकाराच्या श्रमाचे मोल नको का? अवश्य हवे. पण अर्जावर कर्ता म्हणून त्याचे नाव येते आणि हक्क कंपनीकडे जातो. त्याला पगार मिळतो, तोही कमी करायचा म्हटले की प्रथम त्याचीच कपात होते. श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषा मालकाने बोलावी, हा प्रकार कोकणातल्या खोताच्या कुळांना नवीन नव्हता. दुसरे म्हणणे अधिक विचार करण्यासारखे आहे: हा हक्क फार अरुंद आहे, नकाशावर गाडी दाखवण्याच्या कल्पनेवर तो नसतो, विशिष्ट रूपावरच असतो, तेव्हा रूप थोडे बदलावे आणि मोकळे व्हावे. हे खरे आहे. परंतु किती बदलले म्हणजे पुरे, हे सांगण्यासाठी वकील लागतो. ज्याच्याजवळ वकिलांची फौज आहे त्याला अरुंद हक्कांचे शंभर तुकडे एकत्र बांधून रुंद कुंपण घालता येते. पाच-पन्नास रिक्षावाल्यांच्या सहकारी संस्थेला त्यातला एक तुकडा तपासण्याचाही खर्च झेपत नाही. शिवाय उतारूचे हित खुणा सारख्या असण्यात आहे. म्हातारीला नवे ॲप पुन्हा शिकावे लागू नये, मोकळी रिक्षा प्रत्येक पडद्यावर एकाच खुणेने दिसावी. निराळेपणाची सक्ती करणारा कायदा प्रत्येक तिठ्यावर निराळा बाण लावायला सांगणाऱ्या अधिकाऱ्याइतकाच शहाणा म्हणायचा.

पर्याय हवेत नाहीत. बंगळूरमध्ये 'नम्म यात्री' ही सेवा २०२२ मध्ये तेथील रिक्षाचालक संघटनेच्या सहभागाने सुरू झाली. तिची आज्ञावली सर्वांना वाचायला खुली आहे आणि प्रत्येक फेरीमागे दलाली कापण्याऐवजी चालकाकडून दिवसाचे ठराविक शुल्क घेण्याची पद्धत तिने आणली. २०२५ मध्ये 'भारत टॅक्सी' चालवण्यासाठी बहुराज्य सहकारी संस्था नोंदवली गेली. महाराष्ट्र सरकारनेही त्या वर्षी स्वतःच्या ॲपची घोषणा केली. सहकाराच्या नावाने हुरळून जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना बँका कर्ज देत नव्हत्या, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. पुढे न्यू इंडिया झालेल्या त्याच बँकेवर २०२५ मध्ये अपहारामुळे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ती सारस्वत बँकेत विलीन करावी लागली. सभासदांनी पाठ फिरवली की संस्थेचे काय होते, हे त्यावरून कळते. तरीही टॅक्सीवाल्याच्या हाती स्वतःची गाडी पहिल्यांदा आली ती अशाच प्रयत्नांतून.

या नव्या संस्थांच्या पडद्यांविषयी चळवळीने आजच आग्रह धरायला हवा. डिझाइन कायद्याच्या ४ थ्या कलमाप्रमाणे जे डिझाइन भारतात वा अन्य देशात अर्जापूर्वी प्रसिद्ध झाले आहे, त्याची नोंदणी होऊ शकत नाही; झालीच तर १९ व्या कलमाखाली हितसंबंधी व्यक्तीला ती रद्द करण्याचा अर्ज करता येतो. कायद्याने श्रमिकांच्या हाती दिलेली शस्त्रे थोडी आहेत, त्यातले हे एक गंजू देऊ नये. सरकारी वा सहकारी ॲपचा प्रत्येक पडदा, त्यावरची प्रत्येक खूण आणि हालचाल, तारखेसह जाहीर करून सर्वांसाठी खुली ठेवावी. एकदा प्रसिद्ध झालेल्या खुणेवर उद्या कोणालाही नवेपणाचा दावा करता येणार नाही. संघटनांच्या मागणीपत्रात भाडे, दलाली आणि विमा यांच्या ओळीला पडदाही यावा: भाडे व अंतर दाखवणारा भाग मीटरप्रमाणे तपासला जावा, चालकाला कामाला जुंपून ठेवणाऱ्या मांडण्यांना बंदी असावी, आणि व्यापार कराराच्या २५ व्या कलमातील मुभा वापरून कामाच्या खुणांना डिझाइन नोंदणीतून वगळावे.

हा विषय वकिलांचा आहे, श्रमिकांचा नाही, असे म्हणणारे कार्यकर्ते पक्षातही थोडे नाहीत. १९७० च्या पेटंट कायद्याबद्दलही तेच म्हटले गेले असते, तर स्वस्त औषधे आली नसती. हातखंब्याच्या तिठ्यावर आज नंबर तोंडी चालतो. राज्याचे ॲप रत्नागिरी जिल्ह्यात येईल, तेव्हा तो नंबर पडद्यावर जाईल आणि कोणाची रिक्षा आधी उजळायची हे एक चित्र ठरवेल. ते चित्र कसे असावे हे ठरवणाऱ्या बैठकीत मुंबईच्या सल्लागार कंपनीबरोबर तिठ्यावरचे दोन चालक बसतील की नाही, हे परिवहन मंत्र्यांना आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना आताच लेखी विचारायला हवे.